अंगणातले ॲलियम : पहिल्या वर्षी तीसच्या तीस फुलले, यंदा चौदाच. काय चुकतंय?

मधुरा_जर्सी · ३ जून

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो, घराच्या मागे झाडी आणि झाडीत हरणं. पाच वर्षांपूर्वी हौसेनं साठ ट्युलिप लावले होते, एप्रिलात कळ्यांना रंग चढला, आणि एका सकाळी चहा घेऊन खिडकीशी गेले तर साठच्या साठ दांडे वरून कातरल्यासारखे, एक कळी शिल्लक नाही. खरंच रडले होते त्या दिवशी. मग शेजारच्या आजी म्हणाल्या की ॲलियम लाव, कांद्याच्या कुळातलं आहे, हरणं तोंड लावत नाहीत.

म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पर्पल सेन्सेशन या जातीचे तीस कंद लावले आणि ग्लोबमास्टर या जातीचे फक्त तीन, कारण ते महाग, एकेक कंद आठ-नऊ डॉलरला पडला. मागच्या मे महिन्यात काय फुलले म्हणून सांगू, तीसच्या तीस, कमरेएवढे दांडे आणि वर जांभळे गोल गोंडे, त्यांच्यावर दिवसभर भुंगे. हरणं रोज संध्याकाळी शेजारून जायची पण एकाही फुलाला धक्का नाही. सासूबाई तेव्हा इथेच होत्या, त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "अगं हे तर कांद्याचे गोंडे, फक्त रंगवलेले."

यंदा मात्र तीसातले चौदाच फुलले. सात-आठ ठिकाणी नुसती पात आली, दांडा नाहीच, आणि बाकीच्या जागी काही उगवलंच नाही. ग्लोबमास्टर तिन्ही आले पण फूल मागच्या वर्षीपेक्षा लहान. शिवाय फूल पूर्ण उमलायच्या आधीच पात टोकाकडून पिवळी पडायला लागते ती फार वाईट दिसते, मागच्या वर्षी तर ती बघवेना म्हणून मी मे संपायच्या आत सगळी कापून टाकली होती. माती आमची लाल, चिकट. ऊन सकाळपासून दुपारी तीनपर्यंत. खत काही घातलं नाही. आता हे कंद काढून परत लावायचे का, की नवीन आणायचे, की हे दरवर्षी नवीनच लावायचं झाड आहे? प्लीज सांगा.


लँकेस्टरची_ताई · ३ जून

मधुरा, तुझं पोस्ट वाचून अगदी माझीच गोष्ट आठवली. मी पेनसिल्व्हेनियात आहे, तुझ्यापासून दोन तासांवर, हवा जवळजवळ सारखीच, आणि ॲलियम मी चौदा वर्षं लावतेय.

आधी पहिल्या वर्षीचं सांगते म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. आपण दुकानातून जो कंद आणतो ना त्याच्या पोटात पुढच्या वर्षीचं फूल आधीच तयार झालेलं असतं, ते कंद वाढवणाऱ्या शेतकऱ्यानं तयार केलेलं. त्यामुळे पहिल्या वसंतात बहुतेक सगळ्यांचेच फुलतात. आपली परीक्षा दुसऱ्या वर्षी. दुसऱ्या वर्षीचं फूल ती पात तयार करते, आणि ती तू हिरवी-पिवळी असतानाच कापलीस, म्हणजे कंदाचं जेवण अर्ध्यावर काढून घेतलंस. ज्यांना नुसती पात आली, फूल नाही, ते सात-आठ या कारणानं. ते मेले नाहीत, उपाशी आहेत. यंदा पात पूर्ण वाळून हातानं ओढली की सुटून येईल तेव्हाच काढ, त्याआधी कात्री लावू नकोस. मोठ्या ॲलियमची पात फुलाच्या आधी किंवा फुलाबरोबरच पिवळी पडते, तो रोग नाही, त्याचा स्वभावच तो. ही झाडं मूळची मध्य आशिया आणि इराणकडच्या डोंगरांतली, तिकडे बर्फ वितळला की दोन-अडीच महिने ओल असते आणि मग पूर्ण कोरडा उन्हाळा. त्या दोन-अडीच महिन्यांत पातीनं अन्न करून कंदात साठवायचं आणि ऊन तापायच्या आत झोपायचं, असा त्यांचा हिशोब आहे.

आणि यातच तुझ्या न उगवलेल्यांचं उत्तर असावं असं मला वाटतं. तुमच्याकडे लॉनला ऑटोमॅटिक स्प्रिंकलर आहे का? असेल तर त्याचं पाणी या वाफ्यावर पडतं का बघ. जुलै-ऑगस्टमध्ये कंद झोपलेला असतो तेव्हा त्याला कोरडं लागतं, रोज पाणी बसलं आणि त्यात तुमची ती लाल शेलची माती, पाणी धरून ठेवणारी, तर कंद जमिनीतच सडतो. वर काहीच दिसत नाही, पुढच्या वर्षी नुसतं उगवत नाही. माझे पहिले चाळीस असेच गेले, मला तर दोन वर्षं वाटायचं खारी पळवतात.


रेडिंगकर · ४ जून

मधुराताई, इंग्लंडमधून लिहितोय. ताईंनी सगळं नीट सांगितलंच आहे, मी पिवळ्या पातीबद्दल लिहितो कारण इथल्या बागांमध्ये त्यावर फार छान तोड काढलेली आहे. पात कापायची नाही, झाकायची. ॲलियमच्या पुढ्यात आणि मधे असं काही लावायचं की जे मे महिन्यात गुडघ्याएवढं होतं, म्हणजे खाली हिरवा-निळा गालिचा आणि त्यातून वर फक्त दांडे आणि गोंडे. इथे नेपेटा लावतात, हार्डी जिरेनियम लावतात, ॲल्केमिला लावतात, होस्टा पण चालतो कारण त्याची मोठी पानं नेमकी त्याच वेळी उघडतात.

ग्लॉस्टरशरमध्ये बार्न्सली हाउस म्हणून जागा आहे, तिथे रोझमेरी व्हेरी या बाईंनी केलेली एक वाट आहे, आमच्याकडच्या बागवेड्यांमध्ये फार प्रसिद्ध. वर कमानीवरून लॅबर्नमचे पिवळे घोस लोंबतात आणि खाली दोन्ही बाजूंना जांभळे ॲलियम. मी त्याचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला थेट आमच्या गावचा बहावा आठवला, तसेच लांब पिवळे झुंबरासारखे घोस, आणि बहाव्याला इंग्रजीत इंडियन लॅबर्नमच म्हणतात. पिवळा वर आणि जांभळा खाली, हळदीकुंकवाच्या दिवशी बायका निघाव्यात तसं दिसतं ते. एवढी जागा आपल्याकडे नसते पण कल्पना तीच, ॲलियम एकटं लावायचं नाही, कुणाच्या तरी सोबतीला लावायचं.

अजून एक, फुलं सुकली की दांडे लगेच काढू नका. गोंडा वाळून पेंढ्याच्या रंगाचा होतो आणि ऑगस्टपर्यंत उभा राहतो, सकाळी दव पडलं की त्याच्या काड्याकाड्यांवर थेंब बसतात. पण पर्पल सेन्सेशन बी फार टाकतं आणि बियांपासून येणारी रोपं आईसारख्या गडद रंगाची येतीलच असं नाही, शिवाय फुलायला तीन-चार वर्षं घेतात. म्हणून बी काळं दिसायला लागलं की गोंडा कापून घरात फुलदाणीत ठेवायचा. ग्लोबमास्टर वांझ आहे, त्याला बी धरत नाही, त्याचं फूलही त्यामुळेच जास्त दिवस टिकतं, तो उभा ठेवला तरी काळजी नाही.


लँकेस्टरची_ताई · ४ जून

रेडिंगकर, बाकी सगळं पटलं पण मधुराला होस्टा सांगू नका हो! तुमच्याकडे होस्ट्याला गोगलगायी खातात, आमच्याकडे हरणं, आणि गोगलगाय पानाला भोकं पाडते, हरीण देठापासून साफ करतं. ज्या अंगणात ट्युलिप टिकले नाहीत तिथे होस्टा आठवडाभर टिकणार नाही. इथे रटगर्स विद्यापीठाच्या विस्तार विभागाची एक यादी आहे, न्यू जर्सीत हरणं कुठल्या झाडाला किती त्रास देतात याची, चार गटांत विभागलेली. ट्युलिप त्यात सगळ्यात वाईट गटात आहे आणि डॅफोडिल सगळ्यात सुरक्षित गटात. काहीही विकत घ्यायच्या आधी ती यादी बघायची सवय लाव मधुरा, माझे निदान हजार डॉलर वाचले असतील. नेपेटा मात्र अगदी बरोबर, पानाला उग्र वास आहे, हरणं सोडून देतात, आणि निळसर-जांभळा रंग ॲलियमला शोभतो.


टायगरची_आई · ५ जून

मधुराताई, एक काळजीची गोष्ट सांगायची होती, तुमच्याकडे कुत्रा-मांजर आहे का? आमचा टायगर लॅब्रॅडोर आहे, त्याला उकरायची फार हौस. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी असतो, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ॲलियमचे कंद तेच कूळ. आमच्याकडे त्यानं दोन कंद खाल्ले होते, दोन दिवसांनी हिरड्या पांढऱ्या दिसायला लागल्या, रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं. वाचला, पण तीन दिवस जिवात जीव नव्हता. आणि चूक माझीच होती, कंद लावताना कुणाच्या सांगण्यावरून मी खड्ड्यात बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, घातलं होतं. त्या वासानं कुत्रा काय, खारी आणि स्कंकसुद्धा उकरतात. आता मी काही घालत नाही आणि लावल्यावर वरून कोंबड्यांची जाळी आडवी घालून त्यावर माती पसरते, पात जाळीतून आरामात वर येते.


मधुरा_जर्सी · ७ जून

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी सविस्तर उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. टायगर बरा आहे हे वाचून हायसं वाटलं, आमच्याकडे कुत्रा नाही पण शेजारी आहे, मी त्यांना आजच सांगून आले.

ताई, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. स्प्रिंकलरचं एक तोंड थेट त्या वाफ्यावर येतं, उन्हाळाभर पहाटे पाच वाजता रोज वीस मिनिटं. काल रिकाम्या जागी उकरून बघितलं तर कंदाच्या जागी नुसतं तपकिरी साल आणि आत लिबलिबीत, वास सडलेल्या कांद्याचा, अगदी पावसाळ्यात गोणीतला कांदा जातो तसा. आठ ठिकाणी उकरलं, सहा ठिकाणी हेच. ते तोंड आज नवऱ्यानं बंद केलं. आता उरलेल्यांचं काय करू, जमिनीतच ठेवू की काढू?

आणि अजून दोन प्रश्न. वाफ्याच्या कडेला आणि लॉनमध्ये बारीक गोल पातीचे झुबके येतात, चुरगळलं की लसणाचा वास, ती पर्पल सेन्सेशनची पिल्लं समजून मी जपून ठेवलीत. ती तीच का? दुसरं म्हणजे माझी बहीण कोथरूडला राहते, तिने माझे फोटो बघून हट्ट धरलाय की तिला गच्चीत हीच फुलं हवीत, मी इथून कंद पाठवू का असं विचारत होती.

सासूबाईंनी फोनवर एक विचारलंय ते पण लिहिते, कारण मला उत्तर देता आलं नाही. मागच्या वर्षी त्यांनी एक गोंडा देवघरात ठेवायला कापला आणि मग थबकल्या. त्या चातुर्मास पाळतात, कांदा-लसूण-वांगं बंद. म्हणाल्या, ताटात जे चालत नाही ते देवापुढे कसं ठेवू, पण फूल इतकं सुंदर आहे की टाकवतही नाही.


लँकेस्टरची_ताई · ७ जून

ती झुबकेवाली पात म्हणजे रानलसूण, इथलं तण. पात आतून पोकळ आणि गोल, हिवाळ्यातही हिरवी राहते, आणि वर फुलाऐवजी गव्हाच्या दाण्याएवढ्या बारीक कळ्यांचा गुच्छ येतो, त्या पडल्या की प्रत्येकीचं नवं झाड. ॲलियमची रोपं पहिल्या वर्षी एकेकटी, एका पातीची असतात, झुबका नसतो. तेव्हा जपू नकोस, पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना खुरप्यानं कंदासकट काढ, नुसती ओढलीस तर खाली बारीक कंद राहतात आणि दुप्पट येतात.

उरलेले कंद जुलैच्या सुरुवातीला पात पूर्ण वाळली की काढ. माती झटकून, धुवायचे नाहीत, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून गॅरेजमध्ये वारा लागेल असे टांग. दाबून बघ, जो दगडासारखा घट्ट तो ठेव. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरात जमीन गोठेपर्यंत कधीही लाव. आणि त्या चिकट मातीत खड्डा करून लावू नकोस, खड्डा म्हणजे वाडगंच होतं, पाणी तिथेच साचतं. आपल्याकडे गादीवाफा करतात तसा आठ-दहा इंच उंच वाफा कर, त्यात जाड खडी आणि कंपोस्ट मिसळ. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, म्हणजे पर्पल सेन्सेशनला सहा इंच आणि ग्लोबमास्टरला आठ. वरवर लावलेले कंद लवकर फुटून लहान लहान होतात आणि मग फुलत नाहीत.

हे करायचं नसेल तर दुसरा रस्ता आहे, मिलेनियम नावाचं ॲलियम लाव, त्याच्या इंग्रजी नावात एक एन कमी आहे म्हणून शोधताना नीट बघ. मॅसॅच्युसेट्सचे मार्क मॅकडॉनो यांनी केलेली जात, २०१८ साली ते तिकडच्या बारमाही झाडांच्या संघटनेचं वर्षाचं झाड होतं. ते सुट्या कंदानं नाही, झुबक्यानं वाढतं, पात पूर्ण सीझन हिरवीगार राहते, जुलै-ऑगस्टमध्ये दोन इंचांचे जांभळट गुलाबी गोंडे, आणि पर्पल सेन्सेशनएवढा पाण्याचा राग नाही त्याला. उंची मात्र फूटभरच. माझ्याकडे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आहे, त्याच्यावर मधमाश्या एवढ्या असतात की नातवंडं लांबून जातात.

आणि घरच्यासाठी लसूण किंवा लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) लावत असशील तर एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यावर बारीक जाळी घाल. ॲलियम लीफमायनर नावाची माशी २०१५ च्या डिसेंबरात अमेरिकेत पहिल्यांदा सापडली ती आमच्याच लँकेस्टर काउंटीत, आता तुमच्याकडेही आहे. पातीवर एका रेषेत पांढरे ठिपके दिसले की समजायचं ती येऊन गेली. मोठ्या फुलांच्या ॲलियमला माझ्याकडे त्रास झाला नाही पण लीक दोन वर्षं हातचं गेलं.


कोथरूडची_गच्ची · ८ जून

मधुरा, बहिणीला कंद अजिबात पाठवू नकोस गं. एक तर परवान्याशिवाय आणि क्वारंटाइनच्या कागदपत्रांशिवाय झाडं-कंद देशात आणता येत नाहीत, आणि दुसरं म्हणजे ते इथे फुलणार नाहीत. मी स्वतः करून बघितलंय. एका ऑनलाइन दुकानातून पाच कंद आणले, चित्रात हा एवढा मोठा जांभळा गोंडा, खाली लिहिलेलं "भारतीय हवामानासाठी योग्य". दहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवले, तेही भाजीच्या कप्प्यात नाही कारण सफरचंद-केळ्यांतून निघणाऱ्या वायूनं आतली कळी मरते असं वाचलं होतं, डिसेंबरात कुंडीत लावले. पात आली, छान आली, एकाला बोटाएवढा दांडाही आला, आणि मार्चचं ऊन लागलं तशी कळी कागदासारखी वाळून गेली. त्या कळीसाठी मी दुपारी छत्री बांधली होती. या झाडांना सलग तीन-चार महिने खरी थंडी आणि मग हळूहळू तापणारा वसंत लागतो, आपल्याकडे पुण्यात थंडीच्या चार रात्री आणि लगेच उन्हाळा.

पण बहिणीला नाराज करू नकोस. तिला गोल गोंडाच हवा असेल तर फुटबॉल लिली सांग. कंदच आहे, वर्षभर विसरून जायचं, आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस पडला की पातीच्याही आधी जमिनीतून जाड दांडा येतो आणि त्यावर लालभडक चेंडू, शंभरावर बारीक फुलांचा, माझ्या हाताच्या पंजात मावत नाही. पुण्यातल्या कुठल्याही नर्सरीत मिळते आणि ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पिल्लं असतातच, मागितली की देतात. ही कांद्याची जवळची कोणी नाही, फार तर लांबची नातेवाईक, पण ॲलियमचा आकार जर कुणाला खरा जमला असेल तर हिलाच. जांभळाच रंग हवा असेल तर तुलबाघिया आहे, दक्षिण आफ्रिकेचं, पातीला लसणाचा वास, गोंडा छोटा आणि विरळ पण वर्षातले आठ महिने फुलतं. माझ्या गच्चीत दोन्ही आहेत, बहिणीला पाठव, मी देईन.


निफाडचा_काका · ८ जून

आमचं सगळं आयुष्य कांद्यात गेलं म्हणून हा धागा कोणीतरी मला पाठवला. ताई, तुमच्या बहिणीला सांगा की घरातल्या टोपलीतला कांदा लावा. गंमत नाही सांगत, मनापासून सांगतोय. आम्ही उळं घरचंच धरतो, म्हणजे कांद्याचं बी, आणि त्यासाठी दरवर्षी पाव एकरावर मातृकांदा लावतो. जानेवारी-फेब्रुवारीत त्या वावरात येऊन बघा, माणसाच्या कमरेला लागतील एवढे दांडे आणि प्रत्येकावर पांढरा गोंडा, आणि अकरा-बारा वाजता तिथं उभं राहिलं की मधमाश्यांचा असा आवाज येतो की माणसाला शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही. ते दिवस आम्ही फवारणी बंद ठेवतो, माशी मेली तर बी भरत नाही.

नोव्हेंबरात मध्यम आकाराचा, लिंबापेक्षा मोठा, घट्ट रब्बीचा कांदा घ्यायचा, एन-२-४-१ जातीचा किंवा तसला टिकाऊ. वरचा एक तृतीयांश भाग आडवा कापायचा म्हणजे कोंब लवकर येतात आणि आत किती डोळे आहेत तेही कळतं. कापलेल्या जागी बुरशीनाशक लावायचं, घरी करत असाल तर दिवसभर सावलीत सुकू दिलं तरी चालेल. दहा-बारा इंची कुंडी, ऊन दिवसभर, पाणी माती वाळल्यावरच. आम्ही डोंगळे म्हणतो, काही ठिकाणी डेंगळे म्हणतात, ते दांडे आतून पोकळ असतात, गोंडा भरला की वाऱ्यानं मोडतात म्हणून काठी द्यायची. फुलकिडे आणि करपा येतो, पातीवर चंदेरी चट्टे दिसले की निंबोळी अर्क मारायचा पण संध्याकाळी, माशा घरी गेल्यावर.

थंडीचं त्या गच्चीवाल्या ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे, फक्त कांद्याला थंडी कमी पुरते. आमच्याकडच्या थंडीत तो फुलायला तयार होतो. त्याच थंडीनं आमच्या विक्रीच्या कांद्यात डेंगळे आले की तेवढा माल गेला, तो मधून जाड दांड्याचा निघतो, कांदाचाळीत टिकत नाही, व्यापारी बाजूला काढतो. लागवड लवकर झाली किंवा रोप जुनं झालं की हे हमखास. एका बांधाच्या अलीकडे गोंडा दिसला की आम्ही उपटतो आणि पलीकडे त्याच गोंड्याला लेकरासारखं जपतो. माझी आई मात्र विक्रीच्या कांद्यातले डेंगळेही फेकू द्यायची नाही, कवळे असताना त्यांची बेसन लावून भाजी करायची, तिच्यासारखी चव मी पुन्हा खाल्ली नाही. तुमच्या दुकानातल्या फुलांच्या कंदाचं मात्र काही खाऊ नका, त्यांना औषध लावलेलं असतं.


सांगलीची_माई · ९ जून

मधुरा, तुझ्या सासूबाईंच्या प्रश्नावर लिहिते. मी पण चातुर्मास पाळते, एकेचाळीस वर्षं झाली. आमच्याकडे फुलाचा वास बघून ठरवायचे, उग्र वासाचं फूल देवाला नाही, मग ते कितीही देखणं असो. कांद्याचा गोंडा नुसता बघितला तर वास येत नाही पण दांडा कापला की येतोच, म्हणून मी देवघरात ठेवणार नाही. पण दिवाणखान्यात ठेवायला काय हरकत आहे? कांदेनवमीला आम्ही पोटभर कांदाभजी, कांद्याची थालीपीठं खातो आणि मग दोन दिवसांनी आषाढी एकादशीपासून चार महिने त्याला विसरतो, म्हणजे त्याच्याशी वैर नाही, तो तेवढे दिवस पानाबाहेर असतो. तुझ्या सासूबाईंना सांग, वाळलेला गोंडा ठेवा, त्याला वासही राहत नाही आणि तो चार महिने टिकतो. त्यांनी तो टाकला नाही याचं मला फार बरं वाटलं बघ.


मधुरा_जर्सी · १७ नोव्हेंबर

खूप दिवसांनी लिहितेय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुलैत सगळे कंद काढले, एकोणीस घट्ट निघाले आणि त्यांना चिकटलेली अकरा पिल्लं, ती सुपारीएवढी. गॅरेजमध्ये जाळीत टांगले होते, एकही सडला नाही. तीन शनिवार खपून गादीवाफा केला, नवऱ्यानं चाळीस बॅगा वाहिल्या. परवा सगळे लावले, मोठे मागे, पिल्लं एका बाजूला वेगळी म्हणजे दोन-तीन वर्षं त्यांच्याकडून काही मागायचं नाही. पुढे नेपेटाची सहा रोपं. पायवाटेला मिलेनियम आधीच लावलं होतं, ऑगस्टमध्ये फुललंसुद्धा. हरणं येऊन वास घेऊन गेली.

माई, तुमचं उत्तर सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की पुढच्या खेपेला येईन तेव्हा वाळलेले चार गोंडे माझ्यासाठी ठेव, मी घेऊन जाणार आहे. यंदाचे चौदाही ठेवलेत, टेबलावर तांब्याच्या लोट्यात.

आणि काका, बहिणीनं दिवाळीनंतर लगेच तुम्ही सांगितलं तसे सहा कांदे कापून गच्चीत लावले. कोथरूडच्या ताईंनी तिला फुटबॉल लिलीची दोन पिल्लं पण दिली, दोघींची आता मैत्री झालीय. तिचा एक प्रश्न आहे, एका कांद्यातून तीन वेगवेगळे कोंब आलेत, एक ठेवून बाकीचे खुडायचे का?


निफाडचा_काका · १८ नोव्हेंबर

खुडू नका. तो जोडकांदा आहे. बियाण्यासाठी आम्ही तो बाजूला काढतो, कारण त्याच्या बियांतून पुढं जोडकांदेच जास्त निघतात, पण तुम्हाला फुलं हवीत तर चांगलंच आहे, प्रत्येक कोंबाला दांडा येईल. काठ्या मात्र आत्ताच रोवून ठेवायला सांगा, नंतर रोवल्या तर मुळं तुटतात. आणि पहिला गोंडा उमलला की फोटो टाका, बहुतेक जानेवारीच्या शेवटी दिसेल.